पाऊस गेल्यावर, थंडी येण्याआधी

बागकामाच्या परदेशी पुस्तकांत हिवाळ्याच्या तयारीचं एक प्रकरण हमखास असतं. ते वाचून पुण्या-नाशिकच्या गच्चीवर काम करायला गेलं की जवळजवळ सगळं उलटं पडतं. तिकडे ऑक्टोबर संपता संपता कुंड्या रिकाम्या करतात, धुऊन आडोशाला ठेवतात, नाजूक झाडं घरात घेतात आणि वर्षाचं काम आटोपतात. आपल्याकडे त्याच सुमारास बागेचं वर्ष सुरू होतं. मुंबईतून मोसमी पाऊस माघारी जाण्याची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे, आणि पुढच्या काही दिवसांत तो उरलेल्या महाराष्ट्रातूनही निघून जातो. तिथून फेब्रुवारीपर्यंतचे चार महिने कुंडीतल्या बागेला जेवढे मानवतात, तेवढे वर्षातले दुसरे कुठलेच नाहीत. मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा, गाजर, वाटाणा, कोबी, फ्लॉवर, लसणाची पात, शेवंती, पिटुनिया, डायंथस, गुलाबाचा मुख्य बहर, सगळं याच काळात येतं.

एका गोष्टीचा मात्र माझा आग्रह आहे. हिवाळ्याची तयारी थंडी पडायच्या आधी, माती अजून उबदार असतानाच उरकली पाहिजे. ऑक्टोबरचा उकाडा सुरू झाला की गच्चीवर पाऊल ठेवावंसं वाटत नाही आणि बहुतेक लोक दिवाळी झाल्यावर, हवेत गारवा आला की कामाला लागतात. तोवर सर्वांत मोलाचे तीन-चार आठवडे निघून गेलेले असतात.

पावसाळ्यात कुंडीचं काय होतं ते आधी पाहू. शेतातल्या मातीतून वाहून गेलेलं अन्न थोडं खाली मुरतं आणि खोल गेलेल्या मुळांना पुन्हा सापडूही शकतं. कुंडीतून पाण्याबरोबर गेलेला नत्र गच्चीच्या पन्हळीतून थेट गटारात जातो. जून ते सप्टेंबर रोज धुतली गेलेली माती सप्टेंबरअखेर काळीभोर दिसते, पण तिच्यात झाडाला देण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं. शिवाय थेंबांच्या माऱ्याने वरचा थर घट्ट बसतो. लाल मातीवर तर पापडी धरते आणि पाणी आत न मुरता कडेने घसरून खाली जातं. तळाच्या भोकात मुळं आणि गाळ साचलेला असतो. कुंडी थोडी तिरकी करून ते भोक काडीने मोकळं करणं हे पहिलं काम. दोन मिनिटांचं आहे, आणि तरीही सर्वांत जास्त टाळलं जाणारं आहे.

निचऱ्याच्या बाबतीत एक समजूत आपल्याकडे फार घट्ट बसली आहे. कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे, खडी किंवा नारळाच्या शेंड्यांचा जाड थर दिला की पाणी लवकर निघून जातं, असं नर्सरीतले माळीकाकाही सांगतात. प्रत्यक्षात घडतं ते वेगळंच. बारीक कणांच्या मातीतल्या बारीक पोकळ्या पाणी धरून ठेवतात. त्या मातीखाली एकदम मोठ्या पोकळ्यांचा खडीचा थर आला, तर वरची माती त्या सीमेपाशी पूर्ण भिजेपर्यंत पाणी खाली सोडत नाही. साध्या कुंडीतही तळाशी असा एक ओलाचिंब पट्टा असतोच. त्याची उंची मातीच्या पोतावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. खाली चार इंच खडी टाकली की तो पट्टा तेवढाच राहून चार इंच वर सरकतो, आणि बारा इंची कुंडीत मुळांना मिळणारी कोरडी, हवेशीर जागा आणखी कमी होते. भोकावर माती गळू नये म्हणून एक खापरी आडवी ठेवावी, तेवढी पुरे. निचरा सुधारायचा असेल तर संपूर्ण मातीचाच पोत मोकळा करायला हवा. थंडीत हे अधिक महत्त्वाचं ठरतं, कारण झाड पाणी कमी ओढतं आणि तळाचा ओलावा दिवसेंदिवस तसाच राहतो. थंडीत मेल्यासारखी दिसणारी पुष्कळ झाडं खरं तर मुळं कुजून मेलेली असतात.

म्हणून माती बाहेर काढायची. हंगामी झाडं संपलेल्या कुंड्या गोणपाटावर उलट्या कराव्या, ढेकळं फोडावी, जुनी मुळं आणि हुमणीच्या अळ्या वेचाव्या, आणि माती तीन-चार दिवस ऑक्टोबरच्या कडक उन्हात पसरून ठेवावी. तो उकाडा इथे आपल्या कामी येतो. नंतर दोन भाग जुनी माती, एक भाग गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत आणि एक भाग भिजवून पिळलेलं कोकोपीट असं मिश्रण पालेभाज्यांना चांगलं मानवतं. बारा इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड घालावी. कायमच्या झाडांची, म्हणजे जास्वंद, मोगरा, लिंबू यांची, सगळी माती बदलायची गरज नाही. वरचा दोन-तीन इंचांचा थर खुरप्याने हलकेच उकरून काढावा आणि तेवढंच नवं खत-माती भरावी.

हे सगळं ऑक्टोबरमध्येच का, याचं उत्तर मातीतल्या जिवाणूंकडे आहे. शेणखत, गांडूळखत, पेंड ही झाडाला थेट खाता येत नाहीत. जिवाणू आणि बुरश्या ती फोडतात, तेव्हा त्यांतला नत्र मुळांना घेता येईल अशा रूपात येतो. या जिवांचं काम उबेवर चालतं. तापमान दहा अंशांनी उतरलं की त्यांचा वेग साधारण निम्म्यावर येतो. डिसेंबरच्या अखेरीस पुण्यात पहाटेचा पारा दहा-बारा अंशांवर असताना घातलेलं खत झाडाच्या उपयोगी पडायला कितीतरी वेळ लागतो, आणि कोथिंबीर तर तोवर संपलेलीही असते. ऑक्टोबरच्या तीस-बत्तीस अंशांत घातलेलं खत दिवाळीपर्यंत तयार होतं. उशिरा जाग आलीच, तर पातळ केलेली शेणस्लरी किंवा गांडूळपाणी द्यावं. त्यात विरघळलेलं अन्न आधीच तयार असतं.

महाराष्ट्रात घराघरात माती तयार करण्याचा विचार रुजवण्यात श्री. अ. दाभोळकर यांचा वाटा फार मोठा आहे. गणिताचे हे प्राध्यापक. त्यांच्या प्रयोग परिवाराने शेतकऱ्यांबरोबर शहरातल्या माणसालाही सांगितलं की माती विकत आणायची वस्तू नाही, ती पालापाचोळ्यापासून आपल्याला घडवता येते. शेण, गोमूत्र आणि गूळ पाण्यात आंबवून केलेल्या अमृतजलात वाळका पाला भिजवायचा, थर द्यायचे आणि त्यातून हलकी, भुसभुशीत अमृतमाती बनवायची, ही पद्धत याच परंपरेतून पसरली. मुंबईत पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी तिथल्याच ओल्या कचऱ्यावर भाज्या आणि फळझाडं वाढवली आणि अनेकांना वाट दाखवली. अशी पानांची माती वजनालाही हलकी असते. ओली माती घनफुटाला चाळीस-पन्नास किलो भरते, आणि जुन्या इमारतीच्या स्लॅबवर कुंड्यांची रांग मांडताना हा आकडा विसरून चालत नाही.

माती झाली की सूर्याकडे वळायचं. गच्चीवर कुंड्या वर्षभर एकाच जागी ठेवणाऱ्यांना हिवाळ्यात फटका बसतो, आणि तो का बसला हे त्यांना कळत नाही. पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे. मे ते जुलै या काळात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. २१-२२ डिसेंबरला तो दक्षिणेला कलून क्षितिजापासून फक्त ४८ अंश वर येतो, नागपुरात ४५ अंशांच्या आसपास. त्यामुळे एक मीटर उंचीच्या दक्षिणेकडच्या कठड्याची सावली भर दुपारी गच्चीवर नव्वद सेंटिमीटर पसरते, आणि सकाळी नऊ किंवा दुपारी तीनला त्याहूनही जास्त. एप्रिलमध्ये भरपूर ऊन घेणाऱ्या, त्या कठड्याच्या पायथ्याशी मांडलेल्या कुंड्या डिसेंबरमध्ये दिवसभर सावलीत असतात. त्या एक तर लोखंडी स्टँडवर उचलाव्या, नाही तर गच्चीच्या उत्तरेकडच्या कठड्याशी न्याव्या. तिथे दिवसभर ऊन मिळतं, आणि तापलेला कठडा रात्री थोडी ऊबही देतो.

गॅलरीचा हिशेब याहून सोपा आहे. २२-२३ सप्टेंबरनंतर सूर्य पूर्वेच्या थोडा दक्षिणेला उगवतो आणि पश्चिमेच्या दक्षिणेला मावळतो. मार्चच्या २०-२१ तारखेपर्यंत नेमक्या उत्तरेकडे तोंड असलेल्या गॅलरीत थेट ऊन येतच नाही. तिथे टोमॅटोचा हट्ट धरू नये. पुदिना, अळू आणि शोभेची पानझाडं तिथे समाधानाने राहतात. उलट दक्षिणेची गॅलरी मे महिन्यात वरच्या मजल्याच्या सज्जामुळे सावलीत असते, आणि हिवाळ्यात कललेलं ऊन थेट आतल्या भिंतीपर्यंत पोचतं. ज्यांच्याकडे अशी गॅलरी आहे त्यांनी हिवाळी भाज्या लावल्याच पाहिजेत. आणखी एक छोटी गोष्ट: उन्हाळ्यासाठी बांधलेली हिरवी शेडनेट उकाडा ओसरला की काढून ठेवावी. हिवाळ्याचं ऊन आधीच सौम्य असतं, त्यातलं निम्मं जाळीने अडवलं तर रोपं लांबट आणि फिकी होतात.

बियांचं वेळापत्रक प्रत्येक भाजीच्या स्वभावावर ठरतं. मेथीला फारशी वाट पाहावी लागत नाही. ती तीन-चार दिवसांत उगवते आणि तीन-चार आठवड्यांत खुडायला येते. कोथिंबीर हळू उगवते. आपण ज्याला धणा म्हणतो तो बी नसून दोन बियांचं फळ असतं, म्हणून तो हलकेच रगडून दोन फोडी कराव्या आणि रात्रभर भिजवून पेरावा. गरम हवेत ती पानं सोडून लगेच फुलावर येते, त्यामुळे पहिला वाफा दिवाळीच्या सुमारास आणि नंतर दर पंधरा दिवसांनी एक, असं पेरलं तर फेब्रुवारीपर्यंत पुरते. सॅलडच्या लेट्यूसचं बी माती पंचवीस-तीस अंशांच्या वर असेल तर सुप्त राहतं. ऑक्टोबरात पेरून उगवलं नाही म्हणून बियाणं खराब ठरवू नये. गाजराला निदान फूटभर खोल, दगड आणि कच्चं शेणखत नसलेली माती हवी, नाहीतर त्याला फाटे फुटतात. ते जागेवरच पेरावं, रोप हलवू नये. कोबी-फ्लॉवरची रोपं नर्सरीतून आणणं सोयीचं, एका बारा इंची कुंडीत एकच. लसणाच्या पाकळ्या टोक वर ठेवून नोव्हेंबरच्या सुरुवातीला खोवाव्या.

टोमॅटोची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्याचं फूल फळात बदलायला रात्री पंधरा ते वीस अंशांची हवा आवडते. तेरा अंशांच्या खाली परागकण नीट तयार होत नाहीत आणि फुलं गळतात. म्हणूनच नाशिक-पुण्यात जानेवारीत झाड हिरवंगार असूनही फळ धरत नाही. रोपं सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात लागली तर नोव्हेंबर-डिसेंबरच्या मध्यम थंडीत फळधारणा उरकते. मुंबई-कोकणात ही अडचण जवळजवळ नाहीच, तिथे जानेवारीच्या रात्रीही सोळा-सतरा अंशांच्या आसपास असतात.

फुलझाडांत गुलाबाची छाटणी हे ऑक्टोबरचं मोठं काम. पाऊस थांबून माती थोडी वाफशावर आली की मेलेल्या, आत वळलेल्या आणि पेन्सिलीहून बारीक फांद्या काढाव्या, आणि उरलेल्या निम्म्याने कमी करून बाहेरच्या दिशेने पाहणाऱ्या डोळ्याच्या वर तिरका काप द्यावा. छाटणीनंतर साधारण सहा-सात आठवड्यांत फूल येतं. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास पुष्पप्रदर्शन भरतं. तिथे दिसणाऱ्या फुलांमागे हे असं आठवडे मोजून केलेलं काम असतं.

शेवंतीबद्दल मात्र जरा सविस्तर लिहायला हवं, कारण तिच्या न फुलण्याचं कारण अनेकदा कुंडीत नसतंच. १९२० मध्ये गार्नर आणि ॲलार्ड या अमेरिकी कृषी खात्यातल्या शास्त्रज्ञांनी तंबाखूच्या एका वाणावर काम करताना दाखवून दिलं की काही झाडं फुलायची वेळ दिवसाच्या लांबीवरून ठरवतात. पुढच्या संशोधनात कळलं की झाड खरं तर रात्र मोजतं, तीही सलग अंधाराची. शेवंती याच गटातली. दिवस लहान आणि रात्री लांब होऊ लागल्या की ती कळ्या धरते. मध्यरात्री थोडा वेळ जरी प्रकाश पडला तरी तिच्या लेखी ती रात्र दोन तुकड्यांत मोडते, आणि ती पानंच वाढवत राहते. हरितगृहातले व्यावसायिक उत्पादक मुद्दाम रात्री दिवे लावून तिला असं रोखून धरतात. तुमची गॅलरी रस्त्याच्या दिव्यासमोर असेल, किंवा सोसायटीचा फ्लडलाइट गच्चीवर पडत असेल, तर खतं बदलून काही होणार नाही. सप्टेंबरअखेरपासून कुंडी अंधाऱ्या कोपऱ्यात हलवावी, नाहीतर संध्याकाळी सहा ते सकाळी सातपर्यंत वर पुठ्ठ्याचं मोठं खोकं उलटं ठेवावं. शेंडे खुडायचं काम त्याआधीच, ऑगस्टअखेरपर्यंत थांबवावं. ख्रिसमसच्या सुमारास लाल होणाऱ्या पॉइन्सेटियाचंही असंच आहे.

आता प्रत्यक्ष थंडी. नाशिक जिल्ह्यातल्या निफाडला थंडीच्या लाटेत पारा पाच अंशांच्याही खाली जातो, आणि द्राक्षबागायतदार मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या करतात. महाबळेश्वरला गावात दहा-बारा अंश असताना वेण्णा तलावाच्या काठी गवतावर दव गोठलेलं सापडतं. असं का होतं, याचा उलगडा विल्यम चार्ल्स वेल्स या लंडनमधल्या डॉक्टरने १८१४ च्या आपल्या दवाविषयीच्या निबंधात केला. मोकळ्या, निरभ्र रात्री पान स्वतःची उष्णता आकाशाकडे सोडत राहतं आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतं. वेल्सने चार काड्यांवर पातळ हातरुमाल ताणून त्याखालच्या गवताचं तापमान मोजलं, आणि ते गवत शेजारच्या उघड्या गवतापेक्षा उबदार निघालं. माळी नाजूक रोपांवर पातळ चटया घालतात याचं त्याला आधी हसू येई. एवढ्याशा पातळ आवरणाने हवेची थंडी कशी अडेल, असं त्याला वाटे. ते आवरण हवा अडवत नाही, पान आणि आकाश यांच्यामधली वाट अडवतं, हे प्रयोगांनंतर त्याने मोकळेपणाने मान्य केलं.

गच्चीवर याचा अर्थ सरळ आहे. थंडीच्या लाटेत रोपांवर जुनी सुती साडी किंवा धोतर काठ्यांवर ताणून बांधावं आणि सकाळी काढावं. प्लास्टिकचा कागद पानांना चिकटू देऊ नये, जिथे चिकटतो तिथेच पान करपतं. सज्जाखाली, झाडाच्या सावलीखाली, भिंतीशी सरकवलेली कुंडी विनाखर्च वाचते. ढगाळ रात्री एवढी काळजी लागत नाही, ढगच पांघरुणाचं काम करतात.

सगळ्यांत आधी आडोशाला न्यायची ती उष्ण प्रदेशातली झाडं: क्रोटन, ॲग्लोनिमा, अँथुरियम आणि आपली तुळस. दहा-बारा अंशांच्या खाली त्यांच्या पेशींची आवरणं ताठरतात आणि पानं काळवंडतात किंवा पिवळी पडून गळतात, पाणी गोठावंच लागत नाही. कार्तिकात लग्नाला उभी राहिलेली डेरेदार तुळस जानेवारीत नुसत्या काड्यांवर येते, त्यात हे एक कारण आणि मंजिऱ्या पिकू देणं हे दुसरं. काही मंजिऱ्या बियांसाठी ठेवून बाकीच्या वेळीच खुडाव्या.

पाणी सकाळी, ऊन आल्यावर, आणि बोट दोन पेरं मातीत घालून कोरडं लागलं तरच. आपला हिवाळा कोरडा असल्याने वरची माती लवकर वाळलेली दिसते आणि तिला फसून लोक रोज झारी रिकामी करतात. वाळक्या पानांचं आच्छादन घातलं की हा घोळ कमी होतो. रोगांत भुरीकडे लक्ष ठेवावं. ही बुरशी इतर बुरश्यांसारखी पानावर पाणी साचायची वाट पाहत नाही, थंड रात्री आणि कोरडे दिवस तिला पुरतात. पहिले पांढरे डाग दिसताच ती पानं काढावी आणि दूध नऊपट पाण्यात मिसळून फवारावं. मावा ढगाळ दिवसांत वाढतो. कडुनिंबाचं तेल लिटरला पाच मिलिलिटर, थोड्या साबणासह, पानांच्या मागच्या बाजूनेही पोचलं पाहिजे.

न्यू जर्सी किंवा टोरांटोत राहणाऱ्या मराठी घरांसाठी मात्र परदेशी पुस्तकांतलं ते प्रकरणच खरं आहे. तिथे कुंडी चारही बाजूंनी गोठते. जमिनीतल्या मुळांना भोवतालच्या मातीची ऊब मिळते, कुंडीतल्या मुळांना ती नसते, आणि मुळं फांद्यांपेक्षा कमी थंडी सोसतात. म्हणून कायम बाहेर ठेवायचं झाड, थंडीनुसार पाडलेल्या विभागांच्या हिशेबाने, आपल्या भागाहून दोन विभाग अधिक थंडी सोसणारं निवडावं, असा तिथला नियम आहे. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगतं, त्यामुळे भिजलेली मातीची कुंडी तडकते. कढीपत्त्याची कुंडी रात्रीचा पारा दहा अंशांकडे उतरू लागला की आत घ्यावी, दक्षिणेच्या खिडकीशी ठेवावी, खत बंद करावं आणि पाणी निम्म्याहून कमी. पानं गळतात, ते झाड मेल्याचं लक्षण नाही. हीटरच्या कोरड्या हवेत लाल कोळी आणि खवले कीड येते, म्हणून अधूनमधून पानं न्हाणीघरात धुवावी. हे झाड लिंबाच्या कुळातलं आहे आणि लिंबूवर्गीय झाडांचा घातक रोग पसरवणारी कीड त्याच्यावर पोसते, म्हणून अमेरिकेच्या काही राज्यांत ते एका ठिकाणाहून दुसरीकडे नेण्यावर बंधनं आहेत. रोप घेण्याआधी ती पाहावी. मे महिन्यात ते बाहेर काढताना पहिले आठ-दहा दिवस सावलीत ठेवून उन्हाचे तास रोज थोडे वाढवावे. खिडकीतल्या मंद उजेडात फुटलेली कोवळी पानं एकदम मोकळ्या उन्हात ठेवली तर एका दुपारीत पांढरी पडतात.